तंजावूरच्या दहा वीणा

तंजावूरच्या फलाटावर उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती आणि एक वीणा. पिशवी हरवली असती तरी चाललं असतं. वीणेने मात्र पुण्यापासून माझा जीव खाल्ला होता. चेन्नईहून निघालेल्या गाडीत ती पेटीसकट माझ्या बर्थवर आडवी आणि मी तिच्या पायथ्याशी अंग चोरून, असा सगळा प्रवास झाला. समोरच्या गृहस्थांनी पेटीवर पाय ठेवायची परवानगी मागितली, त्यांना मी दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

मी काही मोठी वाजवणारी नव्हे. तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले आणि शेजारच्या तमिळ बाईंकडे हौसेने वीणा शिकायला लागले. हात बसेपर्यंत बाई आपल्या मुलीकडे परदेशी राहायला गेल्या आणि जाताना त्यांची जुनी वीणा मला देऊन गेल्या. वीणेचे पितळी पडदे मेणात बसवलेले असतात. हे मेण वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांनी सैल पडलं, पडदे सरकले आणि माझं वाजवणं, जे मुळात बेताचं होतं, ते ऐकवेना. पुण्यात हे काम करणारं कोणी मिळालं नाही. बाई फोनवर म्हणाल्या, तंजावूरला जा, मुरुगेसन आसारींकडे. आसारी म्हणजे लाकडाचं, धातूचं काम करणारा कारागीर.

मला न्यायला बाईंच्या ओळखीचे रंगनाथराव आले होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरी वेष्टी (लुंगीसारखं नेसायचं धोतर), कपाळावर उभं गंध. मराठ्यांच्या राज्याबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. पोस्टातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना देवनागरी वाचता येत नाही, पण घरात मराठी चालते.

"प्रवास सुखाचा जाहला कीं?" त्यांनी विचारलं.

मी चमकून पाहिलं. असं मराठी मी फक्त जुन्या पत्रांत वाचलेलं, तेही तमिळ हेल काढून कोणी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"बरा झाला. तुमचं मराठी किती छान आहे हो."

"कानाचें मराठी, बाई. आजीच्या तोंडून ऐकलें, तेवढेंच. नातवंडांस समजतें सगळें, उत्तर तमिळांत येतें." मग रिक्षावाल्याशी ते अस्खलित तमिळमध्ये भांडले आणि वीणेला माझ्यापेक्षा चांगली जागा मिळवून दिली.

राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. कमलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आल्या आल्या पितळी पेल्यात फेसाळ कॉफी दिली आणि जेवायला आंबट भाजी, भात आणि डांगर पच्चडी (भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून फोडणी दिलेलं तोंडीलावणं). आंबट भाजीत चिंच आहे हे पहिल्या घासाला कळतं, गूळ नाही हे दुसऱ्या घासाला. मी दोनदा वाढून घेतली.

दुपारी आसारींकडे निघालो. गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्यांचा कारखाना ऐकू आला. एखाद्या दाताच्या डॉक्टरने हत्तीचा दात कोरायला घ्यावा, तसा आवाज. आत फणसाच्या लाकडाचे पिवळे ओंडके रचून ठेवलेले, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत आसारी एका ओंडक्यावर ओणवे झालेले. हातात राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं विजेचं यंत्र. वीणेचा गोल घडा, ज्याला इथे कुडम् म्हणतात, तो ते आतून पोकळ करत होते. चेहरा लाकडाच्या अगदी जवळ, डोकं एका बाजूला कललेलं. यंत्र बंद झालं तेव्हा माझे कान गुंग झाले होते.

आसारी साठीचे असतील. भुवयांवर भुसा, खांदे पैलवानाचे. त्यांचं बोलणं रंगनाथराव आपल्या मराठीत आणून देत होते, म्हणून ते मी तसंच इथे लिहिते.

"माझा बाप उळीनें कोरीत असे," आसारी म्हणाले. उळी म्हणजे छिन्नी. "एका महिन्यास एक वीणा. आतां सहा होतात. हें यंत्र येऊन पंधरा वर्षें जाहलीं."

ते फार मोठ्याने बोलत होते. आणि मी बोलायला लागले की माझ्या ओठांकडे बघत होते. बाईंकडून उचललेलं माझं मोडकं तमिळ समजून घ्यायला इतकं लक्ष देतात, याचं मला कौतुक वाटलं.

आणि खरं सांगते, मी खूश झाले. तीस वर्षं फळ्यावर मी तीन बाण काढत आले. यंत्र आलं की एका माणसाच्या हातून जास्त काम होतं, जास्त कामातून जास्त मिळकत, मिळकतीतून बरं आयुष्य. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि मी पुढच्या धड्याकडे वळायचे. इथे ते तिन्ही बाण विटा-सिमेंटमध्ये उभे होते. कौलारू घरावर वरचा मजला चढलेला. आसारींच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. मुलगी कलैसेल्वी पदवीधर, परदेशातल्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीतून बोलणारी. मी रंगनाथरावांना म्हटलं, "यांना सांगा, माझ्या विद्यार्थ्यांना इथे आणायला हवं होतं." ते सांगितलं गेलं. आसारी हसले. कलैसेल्वी हसली नाही.

माझी वीणा आसारींनी मांडीवर घेतली, नखाने मेण खरवडलं आणि शुक्रवारी संध्याकाळी न्या म्हणाले. शुक्रवारी दुपारी तर माझी परतीची गाडी होती. मी हट्ट धरला. इतक्या लांबून आले, उद्याच हवी. कलैसेल्वी मध्ये पडली, वडिलांच्या समोर येऊन, त्यांना तोंड दिसेल अशी उभी राहून काहीतरी बोलली. भिंतीशी वीणा ओळीने उभ्या होत्या, त्यांच्याकडे तिने बोट केलं. आसारींनी हात उडवला.

"परगांवची पाहुणी आहे. हिचें आधीं," रंगनाथरावांनी भाषांतर केलं.

मी विजयी मुद्रेने बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथराव मला बसने तिरुवैयारूला घेऊन गेले. भात कापणीचा मोसम होता. रस्त्यावर भात वाळत घातलेला, त्याच्या कडेकडेने बस चालवताना चालक जी शर्थ करत होता ती पाहून मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शेतात एक कापणीयंत्र फिरत होतं आणि बांधावर दहाबारा बाया नुसत्या बसल्या होत्या. त्या विश्रांती घेताहेत की कामाची वाट बघताहेत, असं मी विचारलं.

"यंत्र जेथें वळूं शकत नाहीं, तो कोपरा त्यांचा," रंगनाथराव म्हणाले.

तिरुवैयारूत कावेरीच्या काठी त्यांच्या ओळखीच्या मीनाक्षी टीचर राहतात. वीणा शिकवतात. काटक, पन्नाशीच्या, चष्म्यातून बघतील तिथे माणूस सरळ बसेल अशा. त्यांच्या ओसरीवर चार मुली एकाच वेळी सराव करत होत्या आणि टीचर आम्हांला कॉफी देता देता एकीचा चुकलेला स्वर आतून ओरडून सुधारत होत्या. माझी वीणा कुठे दिली आहे ते कळल्यावर त्यांनी पेला खाली ठेवला.

"उद्या दहा वाजता मीही तिथेच जाणार आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "नव्या शाळेसाठी दहा वीणा सांगितल्या आहेत. गेल्या वर्षी दोन विद्यार्थिनींच्या वीणांचे वरचे पडदे बेसूर निघाले. प्रवासात हलले असतील म्हणून मी सोडून दिलं. या वेळी दहाही वीणांचा एकेक पडदा वाजवून घेणार. पुन्हा तसंच निघालं तर एकही उचलणार नाही. चेन्नईला कारखाना आहे, सगळं यंत्रावर करतात, तिथून घेईन. आणि माझ्या मागे इथले सगळे शिक्षक तिकडे जातील, हे आसारींना ठाऊक आहे."

रंगनाथराव एवढे बोलके गृहस्थ, पण त्यानंतर परतीच्या बसपर्यंत गप्प होते. मी अशोका हलव्याच्या (मुगाच्या डाळीचा, तुपात निथळणारा केशरी हलवा) पुड्या घेण्यात गुंतले होते. तूप पिशवीतून झिरपून माझ्या वहीत उतरलं, तिरुवैयारूची सगळी टिपणं पारदर्शक झाली आणि मी त्याच दुःखात होते.

संध्याकाळी आसारींनी वीणा माझ्या हातात ठेवली. नवं काळं मेण, त्यात चोवीस पडदे चकाकणारे. कलैसेल्वी कुठे दिसली नाही. आसारी लगेच पाठ फिरवून कामाला बसले, भिंतीशी राहिलेल्या तीन वीणांचे पडदे अजून बसवायचे होते. माझ्यामुळे त्या मागे पडल्या होत्या हे मला दिसत होतं, पण मनाला लागलं नाही.

घरी येऊन मी वीणा लावली आणि वाजवायला बसले. खालचे पडदे सुरेख बोलले. मधले बोलले. वरच्या सप्तकात गेले आणि तोंड कडू झालं. आधी वाटलं माझंच बोट चुकतंय, ते नेहमीच चुकतं. पुन्हा वाजवलं. मग रंगनाथरावांच्या फोनवर सूर दाखवणारं ॲप होतं ते समोर ठेवलं. खालच्या पडद्यांना काटा मधोमध उभा राहायचा, वरच्या पाच पडद्यांना तो डावीकडे झुकायचा, कुठे उजवीकडे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुण्याहून इथवर, अंग चोरून, आणि पदरात हे?

"उद्या सकाळी जाऊन त्यांच्या तोंडावर सांगते," मी म्हटलं.

रंगनाथरावांनी फोन उचलून खिशात ठेवला. कमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सांगूं नका, बाई," ते म्हणाले.

"का?"

"त्यांस ऐकूं येत नाहीं."

मला नीट समजेना. ते हळूहळू बोलत गेले. यंत्राने आसारींचे कान गेले होते. एकदम नव्हे, वरवरून. आधी पक्ष्यांचा आवाज गेला, मग फोनची घंटी, मग मुलीचं आतून हाक मारणं. खालचे स्वर अजून समजतात, वरचे नाहीत. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. आसारींना कोणी सांगत नाही, आणि आसारीही कोणाला सांगत नाहीत.

"पण तो माणूस पडदे बसवतो," मी म्हटलं. "कानाने बसवतो. आणि उद्या दहा वाजता ती टीचर एकेक पडदा वाजवणार आहे."

"ठाऊक आहे. म्हणूनच मला जेवण जात नाहीं."

त्या रात्री मी चिडूनच झोपले. कोणावर चिडले होते ते मात्र ठरेना. माझा बेत पक्का होता. आठ वाजता जायचं, वीणा पुढ्यात ठेवायची, बोलायचं आणि नीट करून घ्यायची. पुढचं ते बघून घेतील.

आठ वाजता मी आणि रंगनाथराव पोचलो तेव्हा कारखान्याचं दार लोटलेलं होतं. आत आसारी नव्हते. कलैसेल्वी जमिनीवर बसली होती, मांडीवर वीणा, हातात तापलेली सोल्डरिंगची सळई, टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात तशी. सळईने ती वरच्या पडद्याखालचं मेण मऊ करायची, पडदा केसभर सरकवायची, तार छेडायची, डोळे मिटायची, पुन्हा सरकवायची. आम्हांला बघून तिचा चेहरा पडला. मग माझ्या हातातली पेटी तिने पाहिली.

"तुमची मला मिळालीच नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "काल संध्याकाळी तुम्ही अप्पांकडून परस्पर नेली. मी फक्त सकाळी करू शकते. अप्पा आंघोळ करून देवळात जातात, मग कॉफी पितात, तेवढ्या वेळात. रात्री ते वीणांपाशीच झोपतात."

दोन वर्षं ती हे करत होती. वडील पडदे बसवायचे आणि दुसऱ्या सकाळी ती त्यांच्या नकळत वरचे पडदे सुधारायची. दहांपैकी सात वीणा तिने अशाच मागच्या काही सकाळी नीट केल्या होत्या. उरलेल्या तीन काल रात्री तयार झाल्या, कारण माझी आधी करायला लागली होती. आता तिच्याकडे दीड तास होता. एका वीणेला निदान अर्धा तास, तोही एकही चूक झाली नाही तर.

"गेल्या वर्षीच्या दोन?" मी विचारलं.

"तेव्हा मला ताप आला होता."

मी माझी पेटी कोपऱ्यात ठेवली. ती म्हणाली, "अम्मा, अप्पा कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात येतील. त्यांना बोलण्यात गुंतवाल का? साडेनऊपर्यंत. कृपा करून."

म्हणून मी आणि रंगनाथराव कोपऱ्यावरच्या बाकड्यावर जाऊन बसलो. पावणेनऊला आसारी आले, कपाळाला विभूती, अंगाला साबणाचा वास. आम्हांला पाहून खूश झाले. वीणा कशी आहे? छान आहे, मी म्हटलं, आणि माझं तोंड आपोआप खाली गेलं. रंगनाथरावांनी पावसाचं काढलं, भाताच्या भावाचं काढलं. आसारी हो ला हो करत होते. मी दुसरी कॉफी मागवली, मग तिसरी. माझी नजर सारखी घड्याळाकडे जात होती. नऊ वाजले. नऊ पाच. बोलायचे विषय संपले आणि आसारी उठायला लागले, तेव्हा घाबरून जे मनात होतं तेच मी मोडक्या तमिळमध्ये बोलून गेले.

"एवढ्या आवाजाच्या यंत्रावर काम करता, कानांवर काही लावत नाही का?"

रंगनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं. नीट करून सांगू की नको, असं. पण आसारींनी माझे ओठ वाचून अर्धं ओळखलं होतं. ते परत बसले. आणि त्यांनी जे सांगितलं ते सांगताना त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

"यंत्र विकणाऱ्या मनुष्यानें कानांवर घालावयास दिलें होतें. मीं एक दिवस घातलें आणि काढून टाकिलें. कान झांकले तर लाकूड कसें ऐकूं येईल? उळी मारतां आवाज सांगतो, भिंत किती जाड राहिली. यंत्राचेंही तसेंच. लाकूड पातळ होत गेलें कीं त्याचा स्वर चढतो. तेथें थांबावें. म्हणून मी कान लाकडाशीं नेतों. पंधरा वर्षांत एकही कुडम् फुटलें नाहीं. दुसऱ्या कारखान्यांत विचारा, किती फुटतात."

मला पाण्यात उभं असल्यासारखं गार वाटलं. दुसरा कोणी सुतार असता तर त्याने कानात कापूस कोंबला असता आणि मोकळा झाला असता. पलंग करणाऱ्याला लाकूड ऐकावं लागत नाही. या माणसाचा कान हेच त्याचं अवजार, म्हणून तो कान त्याने रोज, आपणहून, यंत्राच्या तोंडाशी नेऊन धरला होता. माझ्या तीन बाणांत ही जागाच नव्हती.

माझ्या तोंडावर हे सगळं उमटलं असणार. रंगनाथराव तर सरळ जमिनीकडे बघत होते. आसारींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. ज्याला ऐकू येत नाही त्याला चेहरे वाचता येतात, हे आम्ही दोघे विसरलो होतो. त्यांनी पेला ठेवला, उठले आणि घराकडे चालू लागले. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

आम्ही मागोमाग धावलो. मी हाका मारत होते, जसा काही त्याचा उपयोग होता.

ते दारात उभे राहिले. कलैसेल्वी दुसऱ्या वीणेवर वाकली होती, पहिलीलाच तासभर लागल्याने सळई नुकतीच मेणाला लावलेली. तिने मान वर केली आणि सळई खाली ठेवली. आसारी आत गेले, भिंतीशी उभी असलेली एक वीणा त्यांनी घेतली आणि वरच्या पडद्यांवरून अंगठा फिरवला. मग दुसरी. मग तिसरी. मेणाच्या कडा तिथे नव्याने वितळून थिजल्या होत्या. हे त्यांच्या डोळ्यांना आजवर दिसलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. बघायचं टाळलं असेल.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं. हे मला तमिळमध्येही समजलं.

तिने दोन बोटं वर केली. दोन वर्षं.

त्याच वेळी दारात चपला वाजल्या. मीनाक्षी टीचर पाऊण तास आधीच आल्या होत्या. त्यांनी नमस्कार केला, चटई ओढली, पहिली वीणा घेतली आणि कामाला लागल्या. खालून वर, एकेक पडदा. दुसरी वीणा. तिसरी. कलैसेल्वी भिंतीला टेकून उभी होती आणि आसारी टीचरच्या समोर, दोन हात अंतरावर, मांडी घालून बसले होते. ते फक्त टीचरच्या चेहऱ्याकडे बघत होते. आठ वीणा झाल्या. टीचर एकदाही थांबल्या नाहीत.

नवव्या वीणेला वरच्या पडद्यांवर त्यांचं बोट थांबलं. एक पडदा मागे आलं, पुन्हा तोच स्वर. पुन्हा तोच. त्यांनी दहावी घेतली, सरळ वरच्या पडद्यांवर गेल्या, आणि तीही खाली ठेवली.

आसारींना तो वरचा स्वर ऐकू आला नव्हता, पण बोट मागे आलेलं त्यांनी पाहिलं होतं.

"त्या दोन माझ्या," ते म्हणाले. रंगनाथरावांचा आवाज हे सांगताना फुटला. "बाकीच्यांचें मेळम् हिनें केलें आहे. मला वरचें ऐकूं येत नाहीं. बरेच दिवस जाहले." मेळम् म्हणजे पडदे बसवण्याचं काम. घरातल्या बाईने ते करायची त्यांच्याकडे रीत नाही, हे मला नंतर कळलं.

टीचरने चष्मा काढून पदराने पुसला. ते पुसणं बराच वेळ चाललं. "आठ घेऊन जाते," शेवटी त्या कलैसेल्वीला म्हणाल्या, आसारींना नव्हे. "त्या दोन तू पुन्हा कर. मंगळवारी येते. आणि यापुढे माझ्या मुलींच्या वीणा तुझ्याकडेच." माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच आसारींकडे बघून तो पुन्हा बाहेर आला. ते आपल्या बोटांकडे बघत होते. मला तिथे रडू आलं, ते मी लपवलं नाही.

माझी गाडी दोनची होती. कलैसेल्वीने माझी वीणा उघडली आणि पाऊण तासात ते पाच पडदे जागेवर बसवले. या वेळी वडील शेजारी होते. एकदा त्यांनी तिच्या हातातली सळई थोडी तिरकी करून दिली, मेण जळू नये म्हणून. काम झाल्यावर ती उठून मागच्या खोलीत गेली. परवा अर्धवट राहिलेलं कुडम् तिथे पडलं होतं आणि आता दोन वीणांचं काम वाढलं होतं, वेळ भरून काढायला हवा होता.

यंत्र सुरू झालं. मी पेटीची कडी लावता लावता वर पाहिलं. ती ओंडक्यावर ओणवी झाली होती, डोकं एका बाजूला कललेलं, उघडा कान लाकडाच्या अगदी जवळ. लाकूड ऐकत होती. तिला तसंच शिकवलं होतं.

मी रंगनाथरावांची बाही ओढली, पण सांगायची वेळ आली नाही. आसारींना आवाज कितपत गेला कोण जाणे, उडणारा भुसा मात्र दिसला. ते उठले, आत गेले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. तिच्या हातातून यंत्र घेतलं. तिने काहीतरी वाद घातला. त्यांनी पुढच्या खोलीतल्या वीणांकडे बोट केलं आणि दोनतीन वाक्यं बोलले, नेहमीपेक्षाही मोठ्याने. रंगनाथरावांनी भाषांतर केलं नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा सांगितलं.

"यंत्र चालूं असतां तूं या खोलींत यावयाचें नाहीं. दार लावून पुढें बैस. माझें जायचें तें गेलें आहे."

त्यांनी मधलं दार आतून ओढून घेतलं. मग दाराआड यंत्र सुरू झालं.

परतीच्या गाडीत वीणेला आणि मला एकेक बर्थ मिळाला आणि विचार करायला पुष्कळ वेळ. यंत्र वाईट, असं मी म्हणणार नाही. तो वरचा मजला खरा आहे, आजीचे डोळे खरे आहेत, कलैसेल्वीची पदवी खरी आहे. पण बाण काढताना मी मुलांना हे कधी विचारायला लावलं नाही, की मिळकत वाढत होती त्या पंधरा वर्षांत त्या घरातून काय जात होतं आणि ते कुठे लिहिलं जात होतं. ते कुठेच लिहिलं जात नव्हतं. एक मुलगी रोज सकाळी दीड तास ते भरून काढत होती.

मी पुण्याहून कान झाकायची साधनं पाठवली. महिन्याभराने कलैसेल्वीचा निरोप आला. आता यंत्रावर फक्त अप्पा बसतात आणि ती पुढच्या खोलीत पडदे बसवते, दिवसाउजेडी, दार उघडं टाकून. महिन्याला सहाच्या जागी चारच वीणा होतात. माझ्या जुन्या फळ्यावर मी याला सरळ घट म्हटलं असतं. मी तिला विचारलं, अप्पा कसे आहेत?

तिने लिहिलं: "संध्याकाळी यंत्र बंद करून ते पुढे येऊन बसतात. मी वरचा पडदा लावून तार छेडते, आणि स्वर लागला की नाही हे ते माझ्या चेहऱ्यावर बघतात."